विजू, पुढच्या सप्टेंबरात लेक मिशिगनला यायचंच

नोव्हाय, मिशिगन
जुलैअखेर

प्रिय विजू,
सप्रेम नमस्कार.

गुडघा आता कसा आहे? परवा केतकीशी बोलणं झालं. ती म्हणाली, आई जिना चढते, पण उतरताना अजून कठडा सोडत नाही. आणि हेही म्हणाली की अमेरिकेला यायचं नाव काढलं की तू विषय बदलतेस. फोनवर तू मला पुरतं बोलू द्यायची नाहीस, म्हणून हे सविस्तर पत्र लिहायला घेतलं. भाऊजींनाही वाचून दाखव.

निनाद, मधुरा, ईरा आणि आम्ही दोघं उत्तर मिशिगनमध्ये पेटॉस्कीला राहून आलो. हे छोटं गाव लेक मिशिगनच्या लिटल ट्रॅव्हर्स बे नावाच्या वळणावर वसलंय. हॉटेलात उतरलो नाही. निनादने आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्याने घेतलं होतं आणि अशा घरांसाठीच बांधलेल्या एका रिसॉर्टमध्ये जागा घेतली होती. निघताना मला धाकधूक होती. ह्यांची कंबर, माझं रात्री दोनदा उठणं, त्यात गाडीत झोपायचं. आता सांगते, गेल्या कित्येक वर्षांत इतक्या सुखाने मी कुठे राहिले नव्हते.

इथून सरळ उत्तरेला जायचं, चारशे किलोमीटरच्या आसपास. गेलॉर्डजवळ हायवेच्या कडेला पाटी आहे की इथून पंचेचाळीसावा अक्षांश जातो, म्हणजे विषुववृत्त आणि उत्तर ध्रुवाच्या बरोबर मध्ये. ईराने तिथून पुढे भूगोलाचे प्रश्न विचारून आजोबांना बेजार केलं. घर निनाद चालवत होता आणि मधुरा मागून आपली गाडी घेऊन येत होती. हे चालवायला वेगळं लायसन्स लागत नाही, साधं कारचं पुरतं. केतकीच्या नवऱ्यालाही जमेल.

रिसॉर्टमध्ये प्रत्येकाची जागा ठरलेली. काँक्रीटचा सपाट ओटा, त्यावर घर उभं करायचं. बाजूला फरशी घातलेलं अंगण, खुर्च्या, शेकोटीची जागा आणि भिंतीलगत दगडी ओट्याचं उघडं स्वयंपाकघर, त्यात सिंक आणि गॅसची शेगडी. यातल्या पुष्कळ जागा लोकांनी विकत घेतलेल्या असतात. मालक नसले की रिसॉर्ट त्या भाड्याने देतं. आमच्या जागेच्या मालकीणबाईंनी कडेने लॅव्हेंडर लावलं होतं. हौस दिसत होती.

भाऊजी वीज मंडळातले, म्हणून त्यांच्यासाठी थोडं लिहिते. प्रत्येक ओट्याशी खांब असतो, त्यावर पन्नास आणि तीस अँपियरचे असे दोन वेगळे सॉकेट. आमची गाडी तीसची, म्हणजे १२० व्होल्टवर ३,६०० वॅट. एसी चालू असताना मायक्रोवेव्ह लावला तर चालतं, त्यात मधुराचा केसांचा ड्रायर आला की ब्रेकर पडतो. पन्नासवाल्या मोठ्या गाड्यांना दोन वेगळ्या फेज मिळून १२,००० वॅट मिळतात. पाण्याची नळी आधी प्रेशर कमी करणाऱ्या तोटीला जोडायची, नाहीतर आतले पाइप फुटतात. सांडपाण्याच्या टाक्या दोन असतात, संडासाची काळी आणि न्हाणी-सिंकची राखाडी. काळीची झडप रोज उघडी ठेवायची नाही. टाकी बरीच भरली की आधी ती सोडायची आणि मागून राखाडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुऊन निघते. तू नाक मुरडशील, पण विजू, हा सगळा प्रकार बंद नळीतून होतो. निनाद हातमोजे घालून पाच मिनिटांत उरकत असे. जराही वास येत नव्हता.

आतलं घर छोटं, पण नीट विचार करून बांधलेलं. बटण दाबलं की बैठकीची एक भिंत दोन-अडीच फूट बाहेर सरकते आणि एकदम ऐसपैस वाटायला लागतं. मागे आमचा दोघांचा पलंग, ड्रायव्हरच्या डोक्यावर माळा, तो ईराने पहिल्याच दिवशी बळकावला. आता तुझ्या गुडघ्याचं. चढायला तीन पायऱ्या आहेत, जरा उंचच, पण दाराशी भक्कम दांडा आहे. मी त्याला धरून शेवटपर्यंत चढले-उतरले. संडास पलंगापासून चार पावलांवर. न्हाणी मात्र अडचणीची, तिथे तुला बसायला स्टूल मावायचं नाही. त्यावर उपाय आहे. रिसॉर्टची स्वतःची न्हाणीघरं आहेत, उंबरा नसलेली, आत धरायला दांडे, बसायला बाक, आणि इतकी स्वच्छ की मी आंघोळ रोज तिथेच केली.

आपण दोघींनी कोडाईकॅनाल किती वर्षं ठरवलं, आठवतं? एकदा माझ्या सासूबाईंचं आजारपण, एकदा तुझी बदली. नंतर वय झालं आणि प्रवास म्हटलं की रोज बॅग भरा, रोज नवं अंथरूण, नवा संडास, जेवायच्या वेळा दुसऱ्यांच्या, याचीच धास्ती बसली. या घरात ती धास्ती पार गेली. उशी माझी, गोळ्यांचा डबा ठरलेल्या कप्प्यात, पहाटे पाचला जाग आली तर उठून स्वतःचा चहा टाकता येतो, कोणाला उठवावं लागत नाही. कप घेऊन बाहेर आलं की समोर पाणी. आपल्या वयाला हवं ते हेच. मी तुझ्यामागे एवढी लागलेय ती यासाठी.

आणि उघड्यावरचा स्वयंपाक! इथल्या घरांत जरा झणझणीत फोडणी दिली की छतावरचा स्मोक अलार्म कोकलतो. दरवेळी खिडक्या उघडा, टॉवेल हलवा. तिथे मी मोकळ्या आभाळाखाली लसणाची फोडणी घातली. त्या भागात चेरीच्या बागा फार. हिवाळ्यात गार झालेलं सरोवराचं पाणी वसंतात लवकर तापत नाही, त्यामुळे काठावरची झाडं उशिरा फुलतात आणि मोहर शेवटच्या कडाक्यातून वाचतो. जुलैत रस्त्याच्या कडेला आंबट चेरीच्या टोपल्या मांडलेल्या. मी एक घेतली आणि मेथांबा केला. केसांच्या आकड्याचं गोल टोक देठाकडून आत घालून जरा फिरवलं की बी अलगद बाहेर येते. तेलात मोहरी, मेथीचे दाणे, हिंग, हळद, मग चेरी, तिखट, मीठ आणि गूळ. कैरीच्या मानाने पाणी फार सुटतं, म्हणून जास्त आटवावा लागला. रंग तर असा लालबुंद की बघत राहावं. पोळीशी फार छान लागला. शेजारच्या बाई वासाने विचारायला आल्या, त्यांना वाटीभर दिला.

त्या बाई आणि त्यांचे यजमान सत्तरीचे. दोघं निवृत्त शिक्षक. राहतं घर विकून बाराही महिने गाडीतच राहतात. थंडीत दक्षिणेला, उन्हाळ्यात इथे. मला आधी पोटात गलबललं, या वयात घर विकलं म्हणून. पण चार दिवस शेजार घडल्यावर लक्षात आलं की ही माणसं तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त चारचौघांत असतात. सकाळी ओट्याशी बसलं की जाणारा-येणारा थांबून दोन शब्द बोलतो. इथल्या वस्त्यांत माणूस गॅरेजमधून गाडीत आणि गाडीतून गॅरेजमध्ये जातो. निनादच्या गल्लीत मला अजून चार नावंही ठाऊक नाहीत.

त्या आजोबांनीच ह्यांना पेटॉस्की दगडाचा नाद लावला. पस्तीस कोटींहून जास्त वर्षांपूर्वी ही जमीन विषुववृत्ताजवळच्या उथळ, कोमट समुद्राखाली होती. त्या समुद्रातल्या प्रवाळांचे हे जीवाश्म. पुढे हिमनद्यांनी खडक फोडून त्याचे तुकडे काठाकाठाने पसरवले. १९६५ पासून हा मिशिगनचा राज्यदगड आहे. कोरडा असताना हातात घेतला तर साधा करडा गोटा. पाण्यात बुडवून काढला की अंगभर मधाच्या पोळ्यासारखी षटकोनी घरं उमटतात, प्रत्येकाच्या मध्ये काळसर ठिपका आणि त्यातून निघालेल्या बारीक रेषा. दगड मऊ असतो, हाताने घासता येतो. आधी जाड पॉलिश पेपर, मग मध्यम, मग बारीक, अधूनमधून पाण्यात बुडवायचा आणि शेवटी मखमलीच्या तुकड्यावर पावडर घेऊन चोळायचा. हे दोन-दोन तास अंगणात बसून घासत. ब्लडप्रेशरची गोळी चुकायची नाही, बाकी सगळं विसरायचे. वर्षाला पंचवीस पौंडांपर्यंतच दगड नेता येतात, हा नियम मला आवडला. तुझ्यासाठी एक ठेवलाय, तळहातात मावेल एवढा.

लेक मिशिगनबद्दल काय लिहू? लांबी जवळपास पाचशे किलोमीटर, क्षेत्रफळ सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर, आपल्या अख्ख्या महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, वाळू आहे, आणि तोंडात गेलेलं पाणी गोडं. मी घोट्यापर्यंत उतरले, जुलै असूनही पाय बधिर झाले. वारा सुटला की लाटा माणसाला आत ओढतात, म्हणून किनाऱ्यावर रंगीत झेंडे लावतात. लाल झेंडा असला की ईरा स्वतःच आम्हाला मागे ओढायची. सूर्य सव्वानऊ उलटल्यावर मावळतो. हे सातला रामरक्षा म्हणायला बसले की तोंडावर ऊन.

मॅकिनॉ बेटावरही गेलो. तिथे १८९८ पासून मोटारींना बंदी. घोडागाडी, सायकल नाहीतर पायी. आम्ही घोडागाडीने फिरलो, तुलाही तसंच फिरवू. बेटाकडे जाताना पाच मैलांचा मॅकिनॉ पूल दिसतो, १९५७ साली सुरू झालेला. जोराचा वारा असला की आमच्यासारख्या उंच गाड्यांना पुलाची माणसं सोबत देऊन पार नेतात.

एक गोष्ट मात्र मला खुपली. दहा वर्षांहून जुनी गाडी त्या रिसॉर्टला चालत नाही. कित्येक ठिकाणी असाच नियम असतो. काही ठिकाणी तर फक्त बसएवढ्या मोठ्या गाड्याच घेतात. जुनं घर जपून वापरणाऱ्या माणसाने काय करायचं? शिवाय भाडंही चांगल्या हॉटेलाइतकं. त्याच बेच्या काठावर सरकारी स्टेट पार्क आहे, तिथे तंबूवालेही राहतात, विजेची सोय असलेल्या जागा मिळतात, आणि पाणी तेच, वाळू तीच. तुझा गुडघा धड असता तर मी तिथेच चल म्हटलं असतं. या खेपेला रिसॉर्टच बरं.

आणखी एक ध्यानात ठेवायचं. शेकोटीची लाकडं घरून न्यायची नाहीत, तिथेच विकत घ्यायची. ॲशची झाडं पोखरणारी एक हिरवी कीड २००२ मध्ये डेट्रॉइटच्या परिसरात सापडली. ती लाकडातून गावोगाव गेली आणि कोट्यवधी झाडं वाळली. वाटेत सांगाडे उभे दिसतात, फार वाईट वाटतं.

तर आता ठरवू या. जुलैत गर्दी आणि भाडं दोन्ही जास्त. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डे असतो, त्यानंतर दोन्ही उतरतं. उन्हाळाभर तापल्यामुळे पाणीही तेव्हा जुलैपेक्षा गार नसतं, तुला पाय बुडवता येतील. ऑक्टोबरच्या पुढे पाइप गोठायच्या भीतीने बहुतेक ठिकाणं बंद होतात. केतकीकडून, म्हणजे शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून, पेटॉस्की सहा-साडेसहा तासांवर. वाटेत घड्याळ एक तास पुढे जातं, तेवढं धरून निघायचं. मध्ये एक रात्र मुक्काम करा, गुडघा आखडणार नाही. तुम्ही दोघं, आम्ही दोघं आणि केतकीचा नवरा चालवायला. निनादही येतो म्हणालाय.

डॉक्टरांना विचारून घे आणि दिवाळीपर्यंत मला हो-नाही कळव. जानेवारीत बुकिंग करायचं म्हणजे सपाट रस्त्याची, न्हाणीघराजवळची जागा मिळेल. ह्यांनी भाऊजींसाठी पॉलिश पेपरचा एक संच आत्ताच आणून ठेवलाय. येताना आमसुलं आण आणि तुझ्या हातचा गोडा मसाला अर्धा किलो तरी आण, इथला मला रुचत नाही. तुझे विमा आणि औषधांचे कागद मधुरा बघणार आहे, ती काळजी करू नकोस.

भाऊजींना नमस्कार, केतकीच्या बाळाला आशीर्वाद.

तुझीच,
शालन