'विंडो'तला डोळा

महोदय,

माझी नात सहावीत आहे. 'विंडो' म्हणजे 'विंड' अधिक 'डोअर', वाऱ्याचं दार, असं ती शाळेतून शिकून आली. ऐकायला पटतं, पण ते चूक आहे आणि खरी व्युत्पत्ती त्याहून कितीतरी सुंदर आहे, म्हणून हे पत्र.

'विंडो' मुळात इंग्रजांचा शब्दच नव्हे. इ.स. 793 मध्ये इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या लिंडिस्फार्न मठावर चालून आलेले नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातले, दर्यावर्दी पुढे उत्तर आणि पूर्व इंग्लंडात घरं बांधून राहिले. त्यांच्या बोलीत खिडकीला 'विंडऔगा' म्हणत. 'विंडर' म्हणजे वारा, 'औगा' म्हणजे डोळा. वाऱ्याचा डोळा! इंग्रजांकडे स्वतःचा 'एआगथिरल', म्हणजे डोळ्याचं भोक, असा शब्द होता. तो मागे पडला आणि तेराव्या शतकापर्यंत पाहुण्यांचा शब्द इंग्रजीत रुळला. त्या घरांत मधोमध शेकोटी असे आणि काच नसे, हे कळलं की तो डोळा समोर दिसू लागतो. मला तर तो चटकन दिसला, कारण माझं माहेर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. चुलीचा धूर साण्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून, वर जायचा आणि त्याच साण्यातून उन्हाचा कवडसा परातीतल्या पिठावर पडायचा. पावसाचे थेंब आले की आजी कोणाला तरी वर पिटाळायची, साण्यावर घमेलं पालथं घालायला.

आणि आपलं 'गवाक्ष'? गो आणि अक्ष, बैलाचा डोळा. 'औगा', इंग्रजी 'आय', लॅटिन 'ओक्युलस' आणि संस्कृत 'अक्षि' ही सगळी एकाच मुळाची भावंडं. 'विंड' आणि आपला 'वात' यांचंही तेच. यावरून इंग्रजी संस्कृतातून निघाली असं मात्र कृपया कोणी पसरवू नये. या भाषा मायलेकी नाहीत, बहिणी आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात दुपार कलल्यावर उभं राहावं. पश्चिमेच्या त्या नालाकृती गवाक्षातून उजेड आत येतो, तेव्हा दगडाला डोळा का म्हटलं ते सांगावं लागत नाही.

मुलांना स्पेलिंग घोकायला लावण्याआधी शब्दाचं कूळ सांगितलं, तर तो शब्द ती विसरत नाहीत, हा माझा तीस वर्षांच्या शिकवण्यातला अनुभव आहे. आपल्या रविवारच्या पुरवणीत अशा एका शब्दाला चार ओळींची जागा द्यावी, ही विनंती. नातीनं पुढचा शब्द विचारून ठेवला आहे: 'डेझी'. त्या फुलातही डोळाच आहे, दिवसाचा.

— एक निवृत्त शिक्षिका, लातूर