भागवतांच्या पुस्तकांची शिफारस करताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीतील वाचनासाठी आपल्या पुरवणीने सुचवलेल्या मुलांच्या पुस्तकांत भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांना स्थान मिळाले, याचा आनंद झाला. मात्र त्यांच्या नावापुढे ‘फास्टर फेणेचा संपूर्ण संच’ एवढीच नोंद पाहून हे पत्र लिहावेसे वाटले.

फास्टर फेणेविषयी माझी तक्रार नाही. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवन शाळेत आलेला, हाडकुळा, सायकलवरून सुसाट सुटणारा आणि काही सुचले की ‘टॉक्’ असा आवाज काढणारा बनेश फेणे मराठी मुलांना आजही आपला वाटतो. परंतु वीस पुस्तके एकदम हाती आली की मूल बिचकते, हे आमच्या वसाहतीतील छोटे ग्रंथालय सांभाळताना मी अनेकदा पाहिले आहे. त्यापेक्षा एकच पुस्तक द्यावे आणि ते ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’ असावे, कारण तो गड बहुतेक मुलांनी सहलीत पाहिलेला तरी असतो किंवा अफझलखानाच्या गोष्टीत ऐकलेला तरी असतो. त्यानंतर ‘गुलमर्गचे गूढ’ द्यावे. ‘जवानमर्द फास्टर फेणे’ला १९६२च्या चीन युद्धाची पार्श्वभूमी असल्यामुळे ते वाचताना घरातील मोठ्या माणसाने जवळ बसावे, नेफा म्हणजे आजचा अरुणाचल प्रदेश, हे मुलांना कोणीतरी सांगावे लागते. २०१७च्या चित्रपटातील मोठा झालेला बनेश पाहून पुस्तकाकडे येणाऱ्या मुलांना हा शाळकरी बनेश आधी जरा बुचकळ्यात टाकतो, पण दहा-बारा पानांत त्यांची गट्टी जमते.

माझे खरे म्हणणे आहे ते भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या त्याविषयी. ‘चंद्रावर स्वारी’, ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’, ‘समुद्र सैतान’ आणि ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ ही पुस्तके अशा याद्यांतून हल्ली दिसतच नाहीत. यांतील नुसती शीर्षके पाहावीत. शिवाजी महाराजांच्या गोष्टींतून ‘स्वारी’ हा शब्द ज्या मुलाच्या कानांत बसला आहे, त्याला फ्रेंच लेखकाची चंद्रमोहीम त्या एका शब्दाने घरची होऊन जाते. धूमकेतू हा शब्द हाताशी असताना भागवतांनी आजीच्या तोंडचे ‘शेंडेनक्षत्र’ निवडले, आणि त्याला मागे ‘मुक्काम’ जोडून जणू पोस्टकार्डावरचा पत्ताच लिहिला. परक्या कथेला मराठी कसे बोलायला लावावे, हे शिकण्यासाठी मोठ्यांनीही ही पुस्तके वाचावीत असे मला वाटते. (इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांसाठी तर मी त्यांचीच शिफारस आधी करतो, गोष्टीचे नाव त्यांनी ऐकलेले असते, त्यामुळे भाषेची धास्ती कमी होते.)

शिवाय या कथांत विज्ञानाबद्दल बोलण्यासारखे पुष्कळ आहे. व्हर्नने १८६५ साली तीन माणसांना तोफेच्या गोळ्यात बसवून फ्लोरिडातून चंद्राकडे धाडले होते. १९६९ साली ‘अपोलो ११’ही तिघांना घेऊन फ्लोरिडातूनच निघाले. हा योगायोग सांगितला की सहावी-सातवीची मुले पुस्तक खाली ठेवत नाहीत. तोफेतून असे उडाल्यावर माणूस जिवंत का राहणार नाही, यावर तर आमच्याकडे एक संध्याकाळ चांगलीच रंगली होती. आइसलँडमधील ज्वालामुखीच्या विवरातून आत शिरायचे आणि इटलीतील स्ट्रॉम्बोलीतून बाहेर पडायचे, हा मूळ कथेतील पाताळप्रवास नकाशा पुढे ठेवून वाचला तर भूगोलाचा तास वेगळा घ्यावा लागत नाही.

पुस्तकांत सदैव डोके खुपसून बसणाऱ्या मुलाला भागवतांचा बिपिन बुकलवारही जरूर भेटवावा. असे मूल घरात बहुधा चेष्टेचाच विषय झालेले असते. इथे त्याच्याच जातकुळीतला नायक त्याला मिळतो.

भागवतांच्या पुस्तकांत काही गोष्टी आज खटकतात, हेही मान्य करायला हवे. धाडसाची सूत्रे बहुधा मुलग्यांच्याच हाती असतात, आणि आमच्या ग्रंथालयातील मुली हे लगेच बोलून दाखवतात. त्यासाठी पुस्तक बाजूला सारण्याची गरज नाही. त्यांच्याशी त्याविषयी बोलावे.

पुढील यादीत संचाऐवजी एकेका पुस्तकाचे नाव, ते कोणत्या वयाच्या मुलांना रुचेल याची एक ओळ आणि व्हर्नच्या रूपांतरांपैकी किमान दोन पुस्तके द्यावीत, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, पुणे