भाऊ, तो पिवळा बिल्ला

भाऊ,

तुम्ही आमच्याकडचे पशुधन पर्यवेक्षक. नाव लिहिलं तर तुम्ही रागवाल, म्हणून लिहीत नाही.

पुराच्या आदल्या वर्षी लाळ्या-खुरकुताची लस टोचायला आलात आणि आमच्या दोन्ही म्हशींच्या कानात पिवळे बिल्ले मारलेत. मोठीच्या कानातून रक्त आलं तेव्हा मी तुम्हाला काय काय बोलले होते, ते तुम्ही विसरला असाल. मी विसरले नाही.

22 जुलै 2021. आषाढी होऊन दोनच दिवस झाले होते. वाशिष्ठीचं पाणी 2005 साली आमच्या ओट्याशी थांबलं होतं, तेवढ्याच भरवशावर आम्ही चिपळूणजवळच्या आपल्या खेर्डीत निजलो. पहाटे गोठ्यात कमरेएवढं पाणी. ह्यांनी पंधरा दिवसांची पारडी खांद्यावर घेऊन वरच्या आळीत पोचवली, तोवर पाणी छातीला लागलं. कोयतीने एकीचं दावं कापलं, ती वाहून गेली. दुसरीपर्यंत पोचताच आलं नाही. ती पारडीची आई.

पाणी ओसरल्यावर सगळे गाळ उपसत होते. गुरांचं कोण विचारणार? तिसऱ्या दिवशी तुम्ही गुडघाभर चिखलातून डॉक्टर मॅडमना घेऊन आलात. खुंट्याला मेलेल्या म्हशीचा पंचनामा झाला, पण वाहून गेलेलीचं काय? सरकारी कचेरीतल्या एका टेबलावर मला सांगितलं गेलं होतं, जनावर दाखवा, नाहीतर शवविच्छेदनाचा अहवाल आणा. नदीकडून अहवाल कसा आणायचा, भाऊ?

गोवळकोटकडे चिखलात बरीच गुरं लागल्याचं तुम्हीच कळवलंत. नाकाला रुमाल बांधून एकेका कानाचा बारा आकडी नंबर पुसून वाचलात, मोबाइलवर ह्यांचं नाव काढलंत, आणि फोन केलात, "ताई, तुमचीच आहे." जेसीबीने खड्डा काढून, चुना टाकून पुरायच्या आत फोटो आणि पंचनामा, दोन्ही उरकलंत. भिजलेलं पासबुक मी चुलीवर वाळवत होते, तेव्हा आधारची झेरॉक्स तुमच्याच फाइलीत निघाली.

तेव्हा आपत्तीच्या निकषात दुधाळ जनावराला 30 हजार होते, राज्य सरकारने त्या पुरासाठी ते 40 हजार केले. दोघींचे मिळून 80 हजार खात्यात आले. तेवढ्यात तशा दोन म्हशी येत नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पण सोसायटीचा हप्ता गेला, गोठ्यावर पत्रे आले, आणि पेंढ्याची उडवी कुजून गेली होती तर विकतचा पेंढा घेता आला. शेजारच्या काकांच्या चार गेल्या, पैसे तिघींचेच, कारण तेव्हा निकष घरामागे तीन दुधाळ जनावरांचाच होता. त्यांच्या चौथीसाठीही तुम्ही अर्ज लिहून दिलात, जमणार नाही हे माहीत असूनही. काका अजून ते बोलून दाखवतात.

मागाहून वाडीतल्या उरल्यासुरल्या गुरांना घटसर्प-फऱ्याची लस टोचायलाही तुम्हीच आलात. चहा मात्र एकदाही घेतला नाहीत. पुढच्या खेपेला घ्यावाच लागेल, कारण पारडी आता व्याली आहे आणि खरवस तुमच्या वाटणीचा बाजूला काढून ठेवलाय.

तिला बिल्ला मारलात तेव्हा कान मीच धरला होता, आठवतंय ना?

तुमची,
खेर्डीची ताई