टॅपेट कव्हरच्या पॅकिंगविषयी मित्रास पत्र

सांगली

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझे सविस्तर पत्र मिळाले. काकांनी इतक्या जिव्हाळ्याने सांभाळलेली मारुती ८०० आता तुझ्याकडे आली आहे आणि ती तू विकणार नाहीस, हे वाचून मनापासून आनंद झाला. मात्र इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोडापाशी ऑइल दिसते म्हणून मागचे ऑइल सील (इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या टोकाशी ऑइल अडवणारे रबरी कडे) गेले आहे, त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागेल, असे तुला गॅरेजमध्ये सांगितले गेले, ते मला पटत नाही. निदान अजून तरी पटत नाही. तू पत्रात आणखी दोन गोष्टी लिहिल्या आहेस: गाडी तापली की बॉनेटमधून जळक्या ऑइलचा वास येतो, आणि सिग्नलला थांबल्यावर कधी कधी बारीक धूर दिसतो. मागच्या सीलमधून गळणारे ऑइल खाली जमिनीवर पडते. ते वर चढून एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातला जळका धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांवर, जळत नाही. वास आणि धूर येत आहेत, त्याअर्थी ऑइल मॅनिफोल्डच्या वरून कुठून तरी उतरत असले पाहिजे, आणि तिथे पहिला संशय टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, पॅकिंगवरच घ्यावा लागतो.

गळतीचा शोध नेहमी वरून खाली घ्यावा, हे माझे ठाम मत आहे. हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) कडेवरून पाझरलेले ऑइल ब्लॉकच्या (त्याखालच्या मुख्य भागाच्या) अंगावरून ओघळते, पंख्याच्या आणि धावत्या गाडीच्या वाऱ्याने मागे ढकलले जाते आणि शेवटी चेंबरच्या (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भांड्याच्या) किंवा गिअरबॉक्सच्या कडेला थेंब होऊन लोंबते, त्यामुळे थेंब जिथे दिसतो तिथलेच सील गेले असे वाटते. म्हणून काहीही उघडण्यापूर्वी थंड इंजिन रॉकेल आणि ब्रशने वरपासून खालपर्यंत धुऊन, पुसून, पूर्ण कोरडे कर. डिस्ट्रिब्यूटर (प्लगांना आळीपाळीने वीज देणारा भाग) आणि वायरींवर पाणी किंवा रॉकेल जाऊ देऊ नकोस. रॉकेल पूर्ण उडून गेल्यावरच कव्हरच्या कडेखाली साधी टाल्कम पावडर भुरभुरून थोडी गाडी चालव. पावडरीवर ऑइलची रेघ जिथून सुरू झालेली दिसेल, तिथे गळतीचा उगम आहे. तुझ्या गाडीत डिस्ट्रिब्यूटर हेडच्या टोकाला बसतो आणि त्याची ओ-रिंग (गोल रबरी कडे) कडक झाली की तिथूनही अगदी अशीच गळती होते, म्हणून ती जागाही नीट पाहून घे. त्या टोकाखालीच गिअरबॉक्स असल्यामुळे सीलबद्दलचा गैरसमज होणे अगदी स्वाभाविक आहे.

पॅकिंग का जाते, हेही सांगतो, कारण ते कळले नाही तर नवे पॅकिंगही वर्षभरात पाझरू लागते. इंजिन रोज तापते आणि निवते. त्या चक्रात रबर आपली लवचीकता गमावते, आणि सोलापूरच्या उन्हात गर्दीतून चालणाऱ्या गाडीत हे लवकर घडते. तू जुने पॅकिंग काढशील तेव्हा ते शिळ्या भाकरीसारखे कडक होऊन तुकड्या-तुकड्याने मोडेल. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे असून बहुतेक वेळा तेच दुर्लक्षित राहते. पिस्टनच्या रिंगांजवळून थोडा गॅस नेहमीच खाली उतरतो, आणि तो ब्रीदरच्या नळीतून आणि पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (हा गॅस एकाच दिशेने सोडणाऱ्या झडपेतून) पुन्हा इनटेककडे, म्हणजे इंजिन हवा ओढते त्या वाटेकडे, ओढला जातो. ही वाट काजळीने तुंबली की आत दाब वाढतो आणि तो सर्वांत दुबळ्या जोडातून ऑइल बाहेर ढकलतो. म्हणून ब्रीदरची नळी काढून तिच्यातून फुंकून पाहा, आणि व्हॉल्व्ह काढून हलवल्यावर आतला सुटा भाग खुळखुळतो का ते पाहा. या तपासणीला खर्च काही नाही, पण ती टाळली तर बाकीची सारी मेहनत वाया जाऊ शकते.

पॅकिंग मिळण्याची काळजी करू नकोस. ८००चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, तरी तिचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन ऑम्नीमध्ये २०१९ पर्यंत येत होते, त्यामुळे दुकानांत सुटे भाग अजून सहज मिळतात. मात्र दुकानात गाडीचे साल, इंजिन कार्ब्युरेटरचे की एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनचे), हे सांग, कारण मधल्या काळात बारा व्हॉल्व्हचे इंजिन असलेली ८००ही आली होती आणि तिचे कव्हर निराळे असते. त्याच खेपेला बोल्टांखालचे रबरी वॉशर आणि डिस्ट्रिब्यूटरची ओ-रिंगही घेऊन ठेव. रबर आणि कॉर्क असे दोन्ही प्रकार समोर आले तर रबराचे घे. कॉर्क दाबाखाली बसत जातो आणि पुन्हा सैल पडतो.

उघडण्याचे काम सोपे आहे. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, शक्यतो सकाळी, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढ, एअर फिल्टरचा डबा आणि ब्रीदरची नळी बाजूला कर, प्लगच्या वायरी आड येत असतील तर त्यांवर चिकटपट्टीने खुणा करूनच त्या काढ, आणि मग कव्हरचे बोल्ट सोडव. कव्हर चिकटलेले असेल तर लाकडी किंवा रबरी हातोडीने कडेला हलके ठोक. स्क्रू-ड्रायव्हर फटीत घालून उचकटण्याचा मोह कितीही झाला तरी तो आवर, कारण हेड ॲल्युमिनियमचे असते आणि त्यावर पडलेला एक ओरखडा पुढे कायमची गळती होऊन बसतो.

आता सर्वांत महत्त्वाचे काम, म्हणजे साफसफाई. या कामात निम्म्याहून अधिक वेळ इथे गेला पाहिजे आणि तो गेला तरच काम टिकते. कव्हर उघडल्याबरोबर रॉकर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या छोट्या दांड्या) आणि हेडमधल्या ऑइल उतरण्याच्या छिद्रांवर स्वच्छ सुती कापड झाक, म्हणजे जुन्या पॅकिंगचे कण खाली चेंबरमध्ये जाणार नाहीत. गॅरेजमधले धाग्याचे वेस्ट वापरू नकोस, त्याचे तंतू सुटतात. जुन्या बनियनचे कापड उत्तम. हेडच्या कडेवरचे अवशेष प्लॅस्टिकच्या किंवा बांबूच्या पट्टीने खरवडून काढ, पत्र्याच्या पात्याने नव्हे. कव्हरच्या खाचेत जुने रबर आणि आधीच्या कोणी लावलेले सिलिकॉन घट्ट बसलेले असते, तेही कण न् कण काढ. रॉकेलने पुसल्यावर पृष्ठभागावर तेलकट थर राहतो, म्हणून शेवटचा हात थिनरने भिजवलेल्या कापडाने फिरव आणि पूर्ण वाळू दे. हे सारे मोकळ्या हवेत कर, जवळपास विडी-सिगारेट पेटवू देऊ नकोस. त्यानंतर कव्हर सपाट काचेवर पालथे ठेवून कडा सगळीकडे टेकते का ते पाहा. पूर्वी कोणी बोल्ट अति आवळले असतील तर बोल्टापाशी कड वाकलेली असते आणि अशा कव्हरवर नवे पॅकिंगही टिकत नाही.

कव्हर उघडेच आहे तर टॅपेट सेटिंगही, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फटही, तपासून घे. फिलर गेजचे (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांचे) पान किती जाडीचे लागते ते काकांच्या सर्व्हिस पुस्तकात दिले आहे. थंड इंजिनाचे आणि गरम इंजिनाचे आकडे वेगळे असतात, ते एकमेकांत मिसळू नकोस.

नवे पॅकिंग खाचेत बसवताना ते कुठे पिळलेले नाही ना, हे बोटाने सगळीकडे चाचपून पाहा. सिलिकॉन, म्हणजे आपले अनाबॉन्ड, फक्त जिथे दोन भागांचा जोड किंवा अर्धगोल कोपरा येतो तिथे ज्वारीच्या दाण्याएवढे लाव. पूर्ण कडेवर जाड थर देण्याची पद्धत मला मुळीच मान्य नाही. आत दाबले गेलेले सिलिकॉन तुटून ऑइलबरोबर चेंबरमध्ये उतरते आणि पंपाच्या जाळीवर जाऊन बसते, आणि मग पाझरणाऱ्या पॅकिंगच्या जागी ऑइलवाचून तडफडणारे इंजिन पदरी पडते.

झाकलेले कापड काढल्याची खात्री करून कव्हर सरळ खाली ठेव. सगळे बोल्ट आधी हातानेच आट्यांत धरव, मग मधल्या बोल्टांपासून सुरुवात करून आलटून-पालटून दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळ. हे बोल्ट लहान असतात आणि त्यांना लागणारा टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, फार कमी असतो; नेमका आकडा पुस्तकातून घेऊन टॉर्क पाना वापर. तो मिळाला नाही तर लहान पाना मुठीत न धरता दोन बोटांनीच फिरव. ॲल्युमिनियममधले आटे एकदा गेले की हे घरचे काम राहत नाही. थेंब दिसला म्हणून नंतर पुन्हा आवळणे हीच सर्वांत घातक सवय आहे, कारण जास्त दाबाने पॅकिंग बाहेर निसटते आणि गळती वाढते.

सिलिकॉनच्या नळीवर लिहिलेला वाळण्याचा वेळ पूर्ण होऊ दे. मग डिपस्टिकवर पातळी पाहा. या इंजिनात ऑइल तीन लिटरच्या आसपासच असते, तेव्हा थोडी गळतीही पातळीवर लवकर दिसते. इंजिन सुरू केल्यावर मॅनिफोल्डवर आधी सांडलेले ऑइल काही वेळ जळेल आणि वास येईल, त्याने घाबरू नकोस. पावडरीची परीक्षा मात्र पुन्हा घे. एवढे करूनही कव्हरखाली कोरडे राहिले आणि गिअरबॉक्सच्या जोडाशी ऑइल आलेच, तर तुझ्या गॅरेजवाल्याचे म्हणणे बरोबर आहे असे समजून गाडी त्याच्या हवाली कर.

पॅकिंग विकत घेण्याआधी कव्हरचा, डिस्ट्रिब्यूटरच्या टोकाचा आणि पावडरीवरच्या रेघेचा फोटो मला पाठव. कव्हर उघडण्याचा दिवस ठरला की कळव, मी त्या सकाळी फोनजवळ असेन. काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा स्नेही