चार खुणांची कागदी पट्टी

दादा,

स. न. वि. वि.

दगडांवर रांगणाऱ्या आमच्या रिमोटच्या ट्रकचा, तुम्ही दुरुस्त केलेला गिअरबॉक्स पोचला, बसवला, चालतो आहे. एवढं कळवून आभार मानायचे होते. पण खोक्याच्या तळाशी ती कागदाची पट्टी निघाली आणि पत्र लांबलं.

वहीच्या कागदाची पट्टी, जेमतेम १ सेंटिमीटर रुंद आणि स्पर गिअरचा, म्हणजे मोटरनं फिरणाऱ्या मोठ्या दातेरी चाकाचा, पुरता एक फेरा होईल एवढी लांब. पिनियन (मोटरवरचं लहान दातेरी चाक) आणि स्परच्या मधून फिरवून काढलेली, म्हणून तिला अंगभर बारीक चुण्या. फाटलेली कुठेच नाही. पेन्सिलीनं चार खुणा: १, २, ३, ४. तिसरीपाशी चुण्या जरा खोल आणि त्या आकड्याभोवती गोल. खाली चार शब्द: ‘इथे घट्ट. इथेच जुळवलंय.’

कागद घालून दोन गिअरमधली फट लावायची हे या छंदातला कुणीही सांगतो. कागद मध्ये धरा, मोटर दाबा, स्क्रू आवळा, कागद काढा, झालं. पण प्लास्टिकचा स्पर अगदी गोल नसतो, किंवा आपल्या शाफ्टवर केसभर एका बाजूला बसतो. सैल जागी फट जुळवली तर अर्ध्या फेऱ्यानंतर दात एकमेकांना आवळतात, मोटर तापते, पांढरी भुकटी पडायला लागते. सगळ्यात घट्ट जागा शोधून तिथे जुळवली तर बाकीकडे किंचित सैल राहतं आणि तेवढं चालून जातं. म्हणून स्पर पाव-पाव फेरा फिरवून चार ठिकाणी बघायचं. तुम्ही ते बघितलंत आणि बघितल्याचा पुरावाही सोबत ठेवलात. तो मागितला नव्हता, न ठेवता चाललं असतं.

याआधी तीन स्पर गेले होते. एका जाणकारानं स्टीलचा स्पर घालायला सांगितलं. म्हणजे मोडायचं ते आत, गिअरबॉक्समधल्या नाहीतर अ‍ॅक्सलमधल्या दातांवर ढकलायचं. दुसऱ्यानं मोटरच बदलायला लावली. जिथून भाग घेतले तिथल्या माणसानं मोठं पिनियन हातात ठेवलं. दगडावर रांगणाऱ्या ट्रकला मोठं पिनियन! वेग वाढतो, जोर कमी होतो आणि अडकलेल्या मोटरला दरदरून घाम फुटतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. यातल्या एकानंही मोडलेला गिअर दाखवा म्हटलं नाही. तुमचं पहिलं वाक्यच ते होतं: ‘नवीन काही घेऊ नका, तुटलेलं पाठवा.’

तुटलेल्या दातांत एवढं लिहिलेलं असतं हे तुमच्यामुळे कळलं. दातांची फक्त टोकं गोल झाली असतील तर गिअर लांब होते, शेंडेच एकमेकांना लागत होते. दात मुळापर्यंत झिजून बारीक झाले असतील आणि भुकटी असेल तर फार जवळ होते. एकाच जागचे तीन-चार दात साफ उडाले आणि बाकीचे कोरे असतील तर चाक फटीत अडकलेलं असताना कुणीतरी दणकन थ्रॉटल दाबला आहे. आमचे तिन्ही स्पर पहिल्या जातीचे निघाले. म्हणजे फट दर वेळी बरोबर लावली जात होती आणि गाडी चालताना उघडत होती.

ती का उघडत होती, हे शोधायला तुम्हाला एक स्क्रू पुरला. मोटर धरणारे स्क्रू एम३, लांबी ६ मिलिमीटर. मोटर ज्यावर बसते तो पत्रा ३ मिलिमीटरचा, वॉशर १ मिलिमीटरचा, मोटरच्या तोंडात जायला उरले २ मिलिमीटर. एम३चा आटा अर्ध्या मिलिमीटरचा, तेव्हा अख्खी मोटर चार आट्यांवर लटकलेली. त्यात एका स्क्रूला वॉशरच नव्हता, त्याचं डोकं लांबट खाचेत अर्धंच टेकत होतं. जोर आला की मोटर खाचेतून केसभर मागे सरकायची. तुम्ही ८ मिलिमीटरचे स्क्रू घातलेत, वॉशर घातलेत आणि बजावलंत की १०चे घालू नका, फार आत गेलेला स्क्रू मोटरच्या वायंडिंगला, आतल्या तारेच्या वेटोळ्याला, टेकतो. निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) धातूत जाणाऱ्या स्क्रूलाच, तेही आधी तेल पुसून. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्याला अजिबात नाही, प्लास्टिक त्यानं तडकतं. प्लास्टिकमधला स्क्रू आधी उलटा फिरवायचा, ‘टक्’ करून जुन्या आट्यात पडला की मग सुलटा. पिनियनचा ग्रब स्क्रू (पिनियन शाफ्टवर धरणारा बिनडोक्याचा स्क्रू) शाफ्टच्या सपाट बाजूवर आला की नाही तेही बघितलंत. गोल बाजूवर आवळलेला स्क्रू कितीही आवळा, घसरतोच.

ट्रक दगडाला टेकला की सेकंदभर मेल्यासारखा व्हायचा, त्याचाही छडा तुम्हीच लावलात. लोकांनी रेंजचं कारण सांगून रिसीव्हरची अँटेना बदलायला लावली होती. तुम्ही विचारलंत, ‘स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असतानाच होतं का?’ तेव्हाच होत होतं. चाकं वळवणारा सर्व्हो २५ किलो जोराचा, त्याला आणि रिसीव्हरला वीज पुरवणारं बीईसी ३ अँपिअरचं, तेही ईएससीमधलं, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या डबीतलं. चाक कपारीत रुतलं की सर्व्हो त्याहून जास्त ओढायला बघतो, व्होल्टेज कोसळतं, रिसीव्हर बंद पडून पुन्हा सुरू होतो. सर्व्हो बंद, मोटर बंद, सगळंच बंद. रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनलवर मल्टिमीटर लावायचा, चाक हातानं घट्ट धरून स्टिअरिंग वळवायचं. आकडा ६ व्होल्टवरून धाडकन खाली येतो, तो डोळ्यांनी बघितल्यावर अँटेनेची चर्चा संपली. वेगळं बीईसी थेट बॅटरीवरून जोडलं, व्होल्टेज सर्व्होला झेपेल तेवढंच ठेवलं, ईएससीच्या प्लगमधली लाल तार काढून टेप लावली. टोकाला सर्व्हो गुणगुणायचा तोही थांबला, रिमोटवर दोन्ही बाजूंचा एंड पॉइंट, म्हणजे सर्व्हो कुठवर वळायचा ती हद्द, थोडा आत घेतला एवढ्यानं.

टपावरच्या कॅरियरबद्दल मात्र तुमच्याशी भांडायचं ठरवलं होतं. जेरीकॅन, पेट्या, सुटं चाक, दोरखंड, सगळं मिळून २०० ग्रॅम. दिसतं काय झकास! तुम्ही एकच हिशेब लिहिलात. गाडी १/१० केली की लांबी, रुंदी, उंची तिन्ही दहापट कमी होतात, म्हणून वजन हजारपट कमी व्हायला हवं. २,००० किलोची खरी गाडी इथे २ किलोची. मग टपावरचे २०० ग्रॅम म्हणजे खऱ्या गाडीच्या डोक्यावर २०० किलो. आडव्या उतारावर ती कलंडणार नाही तर काय करणार? भांडण तिथेच मिटलं. पेट्या आता पोकळ आहेत, सुटं चाक फोमचं आहे, आणि तेवढंच वजन पुढच्या नकल्सवर (पुढची चाकं धरून वळणाऱ्या भागांवर) पितळेच्या रूपात खाली गेलं आहे.

या छंदात माहिती असलेली माणसं पुष्कळ आहेत. समोरच्याची गाडी न बघता आपली माहिती ओतणारेही तितकेच. ‘अमुक घे, तमुक काढून टाक’ म्हणायला अर्धं मिनिट लागतं. तुटलेला गिअर उजेडात धरून दात मोजायला संध्याकाळ जाते, आणि ती संध्याकाळ तुम्ही एका अनोळखी माणसाच्या खेळण्यावर घालवलीत. (खेळणं म्हटलेलं तुम्हाला आवडणार नाही, माहीत आहे.) पैशाचं विचारलं तर म्हणालात, ‘वॉशरचे काय घेऊ?’ आणि एकदाही ‘एवढं कसं कळलं नाही’ हा सूर लावला नाहीत. तीन स्पर फुकट गेलेल्या माणसाला तो सूर फार लवकर ऐकू येतो.

पट्टी टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवली आहे. पुढच्या वेळी फट लावली की नवी पट्टी फिरवायची आणि हिच्याशेजारी धरून बघायची.

दहा बॅटऱ्या चालवून झाल्यावर कव्हर उघडून बघा म्हणाला होतात, म्हणून काल उघडलं. भुकटी नाही. दातांच्या मध्यावर एकसारखी चकाकी, शेंडे जसेच्या तसे. मोटरच्या स्क्रूंवर मार्करनं मारलेली रेघ पत्र्यावरच्या रेघेशी अजून जुळते आहे. तिसऱ्या खुणेपाशी बोटानं फिरवलं तर किंचित जड लागतं, पहिल्या दिवशी लागायचं त्यापेक्षा कमी. हे ठीक आहे ना, तेवढं कळवा.

आपला,
तीन स्परवाला