मागच्या प्लॉटवरच्या टॉवरबद्दल, एनओसी (ना हरकत पत्र) देण्याआधी वाचा

अध्यक्ष साहेब, नमस्कार.

मी बी विंग 402 मधून लिहितेय. मागच्या प्लॉटवाल्या बिल्डरचा माणूस परवा ऑफिसात येऊन गेला, आपल्या आतल्या रस्त्यावरून त्यांचे ट्रक जाऊ द्या म्हणजे आम्ही बिल्डिंगला रंग आणि नवीन गेट करून देतो असं म्हणाला, आणि कमिटीचा कल हो म्हणायचा आहे असं कळलं. कृपा करून अशी एनओसी जनरल बॉडीत, म्हणजे सगळ्या सभासदांच्या सभेत, विषय आल्याशिवाय देऊ नका. रंग चार-पाच पावसाळे टिकेल पण मागचा टॉवर कायमचा आहे.

मला सगळ्यात जास्त काळजी पाण्याची आहे. महारेराच्या (बिल्डरांचे प्रोजेक्ट नोंदवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) साईटवर बघितलं तर तिथे 400 फ्लॅट आहेत. घरात चार माणसं धरली आणि माणशी 135 लिटर, जे शहराचं ठरलेलं माप आहे, तर रोजचं 2 लाख 16 हजार लिटर पाणी होतं, म्हणजे दहा हजाराचे बावीस टँकर!! हे येणार कुठून? आपल्याच गल्लीतल्या लाईनवर कनेक्शन देणार असतील तर आत्ताच पहाटे साडेपाचला पाणी येतं तेव्हा खालची टाकी अर्धी पण भरत नाही, मार्चपासून टँकर चालू होतो आणि तो खर्च मेंटेनन्समध्ये आपल्याच डोक्यावर बसतो. माझ्या सासूबाई 78 वर्षांच्या आहेत, पाणी जाईल म्हणून त्या पहाटे उठून बादल्या भरत बसतात. 2017 मध्ये हायकोर्टाने ठाण्यातल्या आपल्याच घोडबंदर रोडच्या पाणीटंचाईवरूनच नव्या बांधकामांना रोखलं होतं, म्हणजे हा आपल्या मनातला नुसता संशय नाहीये.

मी नवीन लोक येऊ नयेत असं म्हणत नाही. आपण 2004 ला राहायला आलो तेव्हा वाघबीळ गावातले लोक पण आपल्याबद्दल हेच बोलत असतील, त्यांच्या विहिरी आणि शेतं आपल्या डोळ्यांदेखत गेली. घर सगळ्यांना हवंय. पण आधी पाण्याची लाईन आणि ड्रेनेज वाढवा मग ओसी (राहायला जायचा पालिकेचा दाखला) द्या, हे तरी मागायला नको का? मागचा नाला आत्ताच जोराचा पाऊस आला की तुंबतो आणि पार्किंगमध्ये पाणी येतं.

दुसरं म्हणजे पायलिंग, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल खांब घालणं, त्याने आजूबाजूला हादरे बसतात. अजून सुरू झालं नाहीये, तोवर आपल्या बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट (मजबुतीची तपासणी) करून घ्या आणि प्रत्येक घरातले तडे तारखेसकट फोटो काढून ठेवा, नाहीतर नंतर बिल्डर म्हणणार हे तडे जुनेच होते आणि आपल्याकडे दाखवायला काहीच नसणार. आमच्या मागच्या बेडरूमचे फोटो मी काढलेत, सेक्रेटरींना पाठवते. मिक्सरच्या गाड्या रात्री दहानंतर नकोत हे पण लेखी घ्या, तोंडी शब्दावर राहू नका. आणि धूळ उडू नये म्हणून पत्रे, हिरवी जाळी, पाणी मारणं हे त्यांनीच करायचं असतं, आपण विनवण्या करायची गरज नाही.

महापालिकेत माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाकून या प्रोजेक्टला पाण्याचं काय मंजूर केलंय आणि कुठल्या लाईनवरून, एवढं विचारूया. अर्ज मी माझ्याच नावाने करते, कारण हा अधिकार नागरिकाला असतो, सोसायटीला नाही. बाजूच्या दोन सोसायट्यांशी मी बोललेय, त्यांचे पण हेच हाल आहेत आणि ते सोबत यायला तयार आहेत, तिघांनी मिळून पाणी खात्यात गेलो तर नगरसेवकाला पण यावं लागेल.

मेट्रोच्या कामामुळे मेन रोडवर तासन्‌तास अडकून सगळे दमून घरी येतात, मीटिंगला कोणी येत नाही हे मला माहितीये. तरी रविवारी संध्याकाळी सहाला ठेवा, नोटीस आजच लिफ्टपाशी लावा. सी विंगच्या घरोघरी मी स्वतः सांगून येते.

तुमची,
बी 402