अंजनेरीवरचा कोळी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही काही जण नाशिकजवळच्या अंजनेरी गडावर गेलो असता, पायऱ्यांच्या घळीअलीकडे कारवीच्या झुडपांमध्ये ताणलेल्या गोल जाळ्यात हाताच्या पंजाएवढा एक कोळी डोके खाली करून बसलेला दिसला. लांब काळे पाय, सांध्यांपाशी पिवळे ठिपके, पाठीवर पिवळ्या रेघा आणि ऊन पडताच जरीसारखे चकाकणारे जाळे. वरून एकच छायाचित्र निघाले, तेही धूसर. तेवढ्यात आमच्याच गटातील एका तरुणाने ‘विषारी आहे’ म्हणत काठीने जाळे ओढले आणि कोळी बुटाखाली चिरडला. संध्याकाळपर्यंत ते छायाचित्र ‘अंजनेरीवर ब्लॅक विडो’ अशा मजकुरासह व्हॉट्सॲपवर फिरू लागले होते.

हे साफ चुकीचे होते. ब्लॅक विडो या विषारी कोळ्याच्या मादीचे पोट वाटाण्यासारखे गोल असते, पोटाच्या खालच्या बाजूला लाल खूण असते आणि तिचे जाळे गोल नसून विस्कटलेले असते. आम्ही पाहिलेली होती ती जायंट वुड स्पायडरची, म्हणजे नेफिला पिलिपसची मादी. तिचे शरीरच तीन ते पाच सेंटिमीटर भरते, आणि सोनेरी धागा ही तिची ठळक खूण. जाळ्याच्या कडेला बसलेला जो इवलासा तांबूस कोळी आम्ही तिचे पिल्लू समजलो, तो तिचा नर होता. तिच्या विषापासून माणसाच्या जिवाला धोका नसतो.

हा कोळी मोठा, म्हणून निदान ओळखता तरी आला. बहुतेक कोळी केवळ रंगावरून ओळखू येत नाहीत. डोळे किती व कसे मांडलेले आहेत यावरून कुळ कळते, तर नेमकी जात ठरवायला अनेकदा सूक्ष्मदर्शकच लागतो. म्हणून छायाचित्र घेताना पाठीची, पोटाची आणि समोरून डोळ्यांची बाजू यावी, जाळे दिसावे, आकार कळण्यासाठी शक्य असल्यास जवळ एखादे नाणे धरावे, आणि ठिकाण व तारीख टिपून ठेवावी. हात लावण्याची गरज नाही. मोबाइलवरील ॲपने सुचवलेले नाव हा अंदाज असतो, निर्णय नव्हे.

२०२१ साली ठाणे-कल्याण परिसरातील एका नव्या कोळ्याला हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ ‘आयसियस तुकारामी’ हे नाव देण्यात आले. शहरालगत जर अनोळखी जाती सापडत असतील, तर आपल्या डोंगरांत पायाखाली काय चिरडले जात असेल, या विचाराने मला त्या दिवसापासून स्वस्थता नाही.

अंजनेरी हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे. वनविभागाने पायथ्याशी येथील सामान्य कोळ्यांची चित्रे असलेला मराठी फलक लावावा आणि ट्रेक नेणाऱ्या संस्थांनी चढाईपूर्वी पाच मिनिटे यावर बोलावे, अशी माझी विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक, नाशिक